पॅनकेकचा पहिला घास

शनिवारी दुपारी माझा नवरा, वेड, गाडीतून कोंबड्यांच्या खाद्याची पोती उतरवत होता. आमच्या अमोसने त्यातल्या एका पोत्यावर बोट ठेवलं आणि वाचलं, "अंडी... देणाऱ्या... कोंबड्यांसाठी."

वेडच्या हातातलं पोतं धप्पकन खाली पडलं. अमोस सात वर्षांचा, आणि तोवर त्याने एक अख्खी ओळ वाचलेली आम्ही कुणी ऐकली नव्हती.

"जॅनेल!" वेड अंगणातून ओरडला. "अगं बाहेर ये लवकर! ह्याने वाचलं! जमवलंस बाई, जमवलंस!"

मी ओल्या हातांनी धावत बाहेर आले. छाती अशी भरून आली होती की विचारू नका. तेवढ्यात अमोस म्हणाला, "आईने नाही काही. टिझीने शिकवलं. खुराड्यात."

टिझी म्हणजे टिर्झा, माझी थोरली, चौदा वर्षांची. ती दोरीवरचे कपडे काढत होती. तिने वळून पाहिलं नाही, पण तिचे कान लाल झालेले मला इतक्या लांबूनही दिसले. वेडने अमोसला खांद्यावर उचललं, मधली दोघं, मायका आणि हॅटी, टाळ्या पिटत आली, पाळण्यातली रूथसुद्धा खिदळायला लागली. मी हात पुसत उभी राहिले. मला आनंद झाला नाही. मला झोंबलं, आणि तेही चांगलंच.

आमची मुलं शाळेत जात नाहीत. मी त्यांना घरीच शिकवते. सकाळी ओटमीलच्या वाट्या विसळून झाल्या की टेबलावर एकाचे अपूर्णांक, दुसरीचा नकाशा, बाळाचं दूध आणि मोज्यांची रास, असं सगळं एकदम सुरू असतं. हे सगळं कुणीही शिकवू शकतं. पण वाचन माझं. दिवाणखान्यातल्या तपकिरी सोफ्यावर, माझ्या कुशीत बसून, माझ्या बोटामागे बोट फिरवत टिर्झा वाचायला लागली, मग मायका, मग हॅटी. प्रत्येकाची पहिली ओळ जगात सगळ्यांत आधी मी ऐकली. पाच बाळंतपणं, न संपणारे कपडे आणि चर्चमधल्या बायकांचे टोमणे मी त्या तीन ओळींच्या जोरावर सोसले, असं म्हटलं तरी चालेल.

अमोस मात्र सोफ्यावर बसवला की हळूहळू घसरत जमिनीवर जायचा. पुस्तक वर, मी वर आणि पोरगं गालिच्यावर. गुरुवारी आम्ही घरी शिकवणाऱ्या आया चर्चच्या तळघरात जमतो. तिथे रोशेल दर वेळी मान तिरपी करून विचारायची, "अमोस अजून नाहीच का गं?" तिची पोरं पाळण्यातच वाचायला लागतात म्हणे. रोशेलवर मी पूर्वीपासूनच जळते, त्याची मला सवय आहे. पण स्वतःच्या पोटच्या पोरीवर जळायची वेळ येईल असं वाटलं नव्हतं.

आणि ते दुखणं माझ्या हातानेच ओढवून घेतलेलं. रूथ झाली तेव्हा मला दोन हात कमी पडायला लागले, म्हणून मी मुलांच्या जोड्या लावल्या आणि तक्ता फ्रिजवर चिकटवला. मायकाने हॅटीकडे बघायचं, टिर्झाने अमोसकडे. त्याचे दात, त्याचे बूट, त्याचा नाश्ता, कोंबड्यांना दाणापाणी करायला जाताना त्याला बरोबर नेणं, हे सगळं तिचं. घर घड्याळासारखं चालायला लागलं. फक्त अमोस पडला-झडला की "आई" म्हणायचा बंद झाला. "टिझी!" म्हणून भोकाड पसरायचा. मी तेही गिळलं. दात तिचे, बूट तिचे, पण वाचन माझं होतं. तक्त्यात वाचन कुठेच नव्हतं.

आमच्या घरची एक रीत आहे. ज्याने पहिली ओळ वाचली त्याच्यासाठी त्या रात्री जेवणाऐवजी पॅनकेक. मेपलच्या पाकात बुडवलेले, लोण्याचा गोळा वर. आणि त्याने आपल्या काट्याने पहिला घास शिकवणाऱ्याला भरवायचा. ही रीत मीच काढली, कारण तो घास दर वेळी मलाच मिळणार होता.

त्या रात्री मी पॅनकेक केले. पहिला जळला. सगळे टेबलाभोवती बसले, वेडने प्रार्थना म्हटली आणि अमोसने काट्यावर भलामोठा तुकडा घेतला. मी तोंड उघडायच्या बेतात होते. काटा माझ्या नाकासमोरून पाक ठिबकवत पलीकडे गेला, टिर्झाच्या तोंडाशी.

"अमोस, आईला दे," टिर्झा हळूच म्हणाली.

"का? शिकवलं तर तू."

"घे ना टिझी, तुझाच मान आहे," मी म्हणाले. असा गोड आवाज मी रोशेलशी बोलतानाच काढते. टिर्झाने घास घेतला. टेबलावरचा पाक मी पुसला, आणि कुणाच्या लक्षात येणार नाही इतपतच जोरात पुसला.

सोमवारी सकाळी फ्रिजवर नवा तक्ता होता. अमोस मायकाकडे, हॅटी टिर्झाकडे. कोंबड्या मायकाकडे. टिर्झाला कपडे आणि दुपारी रूथला सांभाळणं.

टिर्झाने तक्ता वाचला. "आई, हे का?"

"बदल बरा असतो."

"अमोसच्या वाचनाचं काय?"

"ते मी बघते. त्याची आई आहे मी, विसरलीस की काय?"

ती उलटून बोलली असती तर बरं झालं असतं, मला भांडायला मिळालं असतं. तिने हॅटीची वेणी घालायला घेतली.

अमोसला मी सोफ्यावर बसवलं. "चल, दाखव बघू आईला." त्याने पुस्तकाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि घसरायला लागला. मंगळवारी तेच. बुधवारी मी त्याला कुशीत आवळून धरलं, तर पोरगं दगडासारखं गप्प. पोत्यावरची ओळ खडाखडा वाचणारं पोर 'कोंबडी'पाशी असं अडलं, जणू कोंबडी कधी पाहिलीच नाही. गुरुवारी रोशेलने मान तिरपी केली, तेव्हा मी बाळाला शी झाल्याचं सांगून बाहेर पळाले. दुसरा आठवडाही तसाच गेला. आता तो नाश्त्याच्या खोक्यावरची नावंसुद्धा वाचेना.

वेड घरोघरच्या गॅसच्या टाक्या भरायची गाडी चालवतो. दिवसभर लोकांच्या अंगणात एकटाच असतो, त्यामुळे घरी आला की त्याला बोलायचं असतं. "अगं, स्वतःच्या लेकीशी कसली चढाओढ?" तो बूट काढत म्हणाला.

"चढाओढ कोण करतंय?"

"तू. अख्ख्या मिझूरी राज्याला दिसतंय. पोराचं वाचन बंद पाडलंस की."

तळपायाची आग मस्तकात गेली, कारण तो बरोबर बोलला होता. अमोस पुन्हा कधीच वाचणार नाही आणि त्याला कारण मी असेन, ही भीती मला त्या आठवड्यात रोज वाटत होती. ती तोंडावर ऐकायची माझी तयारी नव्हती. मी वेडला जेवण वाढायला उठले.

जेवणानंतर टिर्झा भांडी घासत होती. मी पुसायला उभी राहिले. बऱ्याच ताटल्या पुसून झाल्यावर मी विचारलं, "कसं शिकवलंस त्याला?"

"शिकवलं असं नाही." ती बेसिनकडेच बघत होती. "त्याला म्हटलं, कोंबड्यांना वाचून दाखव."

"कोंबड्यांना?"

"त्या चुका काढत नाहीत ना." मग ताटली विसळत म्हणाली, "रागावणार नाहीस? तो शब्द जुळवत असतो, तेवढ्यात तू बोलून टाकतेस. त्याच्या तोंडातून काढून घेतेस."

"मी मदत करते!"

"हो. तेच म्हणतेय मी."

माझ्या हातातली ताटली मी जरा आपटूनच ठेवली. टिर्झाने नळ बंद केला आणि म्हणाली, "उद्या सकाळी खुराड्यात ये. मायकाच्या ऐवजी मी आणि अमोस जातो. पण आई, एक शब्द बोलायचा नाही."

लेकीने आईला वर्गात घ्यावं आणि वर अट घालावी! मी हो म्हटलं. दुसरं काय करणार?

सकाळी दवात बूट भिजवत मी त्यांच्या मागोमाग गेले. टिर्झाने मला कोपऱ्यात उलटी बादली दिली. अमोसने माझ्याकडे संशयाने पाहिलं.

"ही पण ऐकणार?"

"ही आज कोंबडी आहे," टिर्झा म्हणाली. "बोलत नाही."

तो गवताच्या गठ्ठ्यावर बसला आणि पुस्तक उघडलं. तेच, माझ्या सोफ्यावरचं. एक लाल कोंबडी त्याच्या पायाशी माती उकरत होती, तिला तो वाचून दाखवायला लागला. "कोल्हा... टेकडीवर..." आणि अडला. पुढचा शब्द माझ्या ओठांवर होता. सोपा शब्द! मी स्वेटरची बाही दातांत धरली. कोंबडीने मातीतलं काहीतरी टिपलं. टिर्झा अंडी गोळा करत होती, तिला काही घाईच नव्हती. किती वेळ गेला कोण जाणे. बाही लाळेने ओली झाली.

"चढला!" अमोस म्हणाला. "कोल्हा टेकडीवर चढला." आणि पुढची पानंही तो वाचत गेला, अडत, थांबत, कोंबडीला "ऐक ना गं" म्हणत. माझे डोळे भरून आले, पण रडायलाही आवाज होतो म्हणून मी तेही आवरलं.

वाचून झाल्यावर तो अंड्यांची टोपली घेऊन घराकडे पळाला. जाताना माझ्या डोक्यावर थोपटून गेला, कोंबडीला थोपटतात तसं. मी म्हणाले, "जुना तक्ता आज परत लावते." टिर्झाने मान डोलावली आणि पाण्याचं भांडं भरायला घेतलं.

"ही युक्ती तुला सुचली कशी?" मी विचारलं. मनात होतं की निदान एवढं तरी माझ्यावरून आलेलं असावं. तिला मीच शिकवलं होतं ना! ती तर माझी पहिली. पाच वर्षांची असताना सोफ्यावर बसून पहिल्याच फटक्यात तिने अख्खं पान वाचलं होतं. ते मी आजही सगळ्यांना सांगते.

"मी बँजोला वाचून दाखवायचे," टिर्झा म्हणाली.

बँजो म्हणजे आमचा जुना कुत्रा. एका कानाचा, चिखलात लोळून घरात येणारा. मी त्याला उभ्या आयुष्यात कधी धड हाक मारली नाही, नेहमी हाकललंच.

"कधी?"

"रोज. बाबांच्या गाडीमागे बसून. नीट यायला लागलं तेव्हा मग सोफ्यावर वाचलं." तिने माझं तोंड पाहिलं आणि घाईने म्हणाली, "तू इतकी खूश झालीस ना आई, मग मला सांगवेना."

मग ज्याला शेवटचं म्हणून धरून होते, तेच विचारलं. "पण पॅनकेकचा पहिला घास तर मलाच भरवलास ना?"

टिर्झाचे कान लाल झाले.

"तू लोणी आणायला उठली होतीस," ती म्हणाली. "बँजो टेबलाखाली होता. तुला दिला तो दुसरा."

तिने भांडं खाली ठेवलं आणि कोंबड्या त्याभोवती जमल्या. बँजोला जाऊन चार वर्षं झाली. वेडने त्याला अक्रोडाच्या झाडाखाली पुरलंय, आणि ते झाड खुराड्यातून सरळ दिसतं. मी बादलीवर बसून त्या झाडाकडे बघत राहिले आणि मेलेल्या कुत्र्यावर जळत राहिले.

मायका आणि हॅटीला मी अजून काही विचारलेलं नाही.