सगळ्यात खाली गेलेलं उत्तर

मित्रांनो, आसाममध्ये जोरहाटच्या एका बंद पडलेल्या सायबर कॅफेच्या मागच्या खोलीत जो जुना संगणक धूळ खातोय, तो मीच. माझा पंखा अजून घरघरतो, कारण माझ्या पोटात एक चर्चामंच आहे आणि तो बंद करणं मालकांच्या जिवावर येतं.

हा मंच माझे मालक भवेन सैकिया यांनी काढला. रानातली भाजी, अळंबी कशी ओळखायची हे लोकांनी एकमेकांना विचारावं, एवढाच हेतू. तेव्हा उत्तरं येतील तशी एकाखाली एक लागत. शिवसागरच्या निजोरा बाईदेऊ, म्हणजे निजोराताई, सगळ्यांत चिवट. कुणी अळंबीचा फोटो टाकला की त्यांचं ठरलेलं, "वरून काय दाखवतोस? उलटी करून दाखव. देठ बुडापासून उकर. तोवर चूल पेटवू नकोस." लोक कुरकुरत, पण उकरत. त्या दिवसांत मला स्वतःचा फार अभिमान वाटे.

मग गर्दी वाढावी म्हणून भवेनदांनी पसंतीचं बटण आणलं. ज्या उत्तराला पसंती जास्त, ते वर. झालं, टवाळखोरांचं फावलं. "आल्या परीक्षा घ्यायला." "बाईदेऊ, घरी भातही उलटा करून बघता का?" लोक हसत आणि बटण दाबत. बाईदेऊ लिहीत राहिल्या आणि त्यांची उत्तरं तळाला जात राहिली. मला राग येई, पण संगणकाच्या रागाला कोण विचारतो?

एका दुपारी तिनसुकियाच्या पुरोबी नावाच्या बाईनं पांढऱ्याशुभ्र अळंबीचा फोटो टाकला. "बांबूखाली उगवलीय. खायला चालेल ना?"

"चालेल काय, पळेल."

"मिरी घाला आणि आम्हालाही बोलवा."

"आमची आजी हीच खाऊन म्हातारी झाली."

यांवर पसंतीचा नुसता पाऊस. बाईदेऊंनीही लिहिलं, "पुरोबी, खाऊ नकोस गं. देठाच्या बुडाशी पिशवी असेल, बघ. ही जीव घेते." ते कुणालाच आवडलं नाही, म्हणून सगळ्यात खाली गेलं.

त्याच आठवड्यात तिच्या नवऱ्यानं, दिंबेश्वरनं, तिच्याच खात्यावरून लिहिलं, "पुरोबी गेली. वरची उत्तरं वाचून म्हणाली, एवढी माणसं सांगताहेत. मी त्या दिवशी कामावर जेवलो. खालचं उत्तर मी आज वाचलं."

टवाळखोरांनी आपापली उत्तरं गुपचूप पुसली. बाईदेऊ त्यानंतर कधी आल्या नाहीत. हळूहळू बाकीचेही यायचे थांबले. बाईदेऊंच्या त्या उत्तराला आता एक पसंती आहे, दिंबेश्वरनं दिलेली.

मित्रांनो, थट्टा करा, हवं तर भांडा. पण कुणाच्या चुलीवर काय चढणार आहे हे ठाऊक नसताना 'चालेल' म्हणू नका. पुरोबीला त्या माणसांतल्या एकाचंही खरं नाव माहीत नव्हतं, तरी तिनं त्यांच्यावर विश्वास ठेवला.