कपाच्या कानामागची रेघ

मित्रांनो, मी एक जुनी विजेरी आहे, पण अंधारात वाट दाखवायला माझा काही उपयोग नाही. माझ्यातून अतिनील किरण निघतात. डोळ्यांना दिसतो तो नुसता फिकट जांभळा उजेड. तो चिनी मातीच्या भांड्यावर पडला, की पूर्वी चिकटवलेल्या जागी पांढरट निळी रेघ चमकते.

माझ्या मालकीणबाई, म्हणजे काकू, लोकांची फुटलेली भांडी जोडून द्यायच्या. एकदा त्यांनी गिऱ्हाइकाची किटली धुवायला गरम पाण्यात घातली आणि तिचा कान गळून पडला. तो कुणीतरी आधीच चिकटवलेला होता, पण बोलणी काकूंना खावी लागली. म्हणून जुने जोड आधीच ओळखता यावेत यासाठी काकू मी होते त्या दुकानात आल्या. सोबत काका होते.

दुकानदाराने सर्वांत भडक विजेरी पेटवली.

"हीच घे," काका म्हणाले. "काय उजेड आहे!"

"मला काय तुमच्या टेंपोला लावायचीय?" काकू हसल्या.

त्यांनी पिशवीतून एक जोडलेली बशी काढली, टेबलाखालच्या अंधारात धरली आणि एकेक विजेरी लावून पाहिली. भडक विजेरीने सगळी बशीच जांभळी झाली आणि रेघ त्यात बुडाली. शिवाय तिची बॅटरी लवकर संपायची. माझा उजेड डोळ्यांत भरणारा नव्हता, पण रेघ स्वच्छ दिसली, आणि एकदा चार्ज केल्यावर मी खूप वेळ टिकायची.

"ताई, ही कुणी घेत नाही हो," दुकानदार म्हणाला.

"मग माझ्यासाठीच राहिली असेल."

त्यानंतर मी पुष्कळ काम केले. काकू मला कधी कुणाच्या डोळ्यांवर धरत नसत. काम झाले की काच पुसायच्या, बॅटरी काढून शेजारी ठेवायच्या. गिऱ्हाईक त्यांच्या हाताची तारीफ करायचे, त्या माझी करायच्या.

मग काकू आजारी पडल्या आणि गेल्या. मी बॅटरीसकट खणात तशीच पडून राहिले. काकांनी खोलीचे पडदेसुद्धा उघडले नाहीत.

काही महिन्यांनी मुलगी त्यांना आपल्या घरी न्यायला आली. काकांनी कपबश्यांचे कपाट आतल्या सामानासकट विकायला काढले होते. जुन्या सामानाचा व्यापारी त्याच दुपारी यायचा होता.

"बाबा, आईच्या हातचं काहीतरी राहू द्या ना."

"तिच्या हातचं काय आहे यात? तिनं लोकांची भांडी जोडली, ती लोकांकडे गेली. हे सगळं दुकानातलं."

मुलगी खोक्याला लावायची चिकटपट्टी शोधत होती. खणात तिला मी सापडले. तिने सहज बटण दाबले. मी कशीबशी पेटले. समोर काकांचा चहाचा कप होता. त्याच्या कानामागे रेघ चमकली.

"बाबा, हा फुटला होता?"

"छे! याच्या आधीचा फुटला. धुताना माझ्याच हातून. हा तिनं नवीन आणला."

मुलीने दुसरा कप धरला. रेघ. तिसऱ्यालाही रेघ. बशीच्या काठावर तर दोन.

काका खुर्चीत बसले. "दर वेळी नवीन कशाला आणतेस म्हणून मी तिच्यावर ओरडायचो गं. ती हसायची नुसती."

"आणि तुम्ही फोडत राहिलात."

"मला काय माहीत!" ते म्हणाले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले.

तेवढ्यात दाराची घंटा वाजली. व्यापारी आला होता. माझा उजेड थरथरू लागला होता. मित्रांनो, तेव्हा मी जीव मुठीत धरून होते. मी विझले असते, तर उरलेले कप ओळखू आले नसते.

"थांबा जरा," काकांनी दाराकडे तोंड करून सांगितले आणि मला मुलीच्या हातातून घेतले. "तू कप धर, मी बघतो."

एकेक कप माझ्याखालून गेला. खालचा कप्पा संपला आणि मग मी विझले. व्यापाऱ्याला रिकामे कपाट आणि रेघ नसलेले मोजके कप मिळाले. तो कुरकुरला. काकांनी लक्ष दिले नाही. ते बाकीचे कप कागदात गुंडाळत होते.

मित्रांनो, वस्तू वापरून झाली की पुसून ठेवा, बॅटरी काढून ठेवा. एवढे तुम्ही कराल. पण तुमच्या घरातही कुणीतरी मुकाट्याने काही जोडत असेल. ते माणूस समोर असतानाच त्याला विचारा. माझ्या उजेडात रेघ दिसते, जोडणारी दिसत नाही.