ऋतुजाच्या दातांचा साचा

पेणच्या दवाखान्यातून बाहेर पडल्यापासून जनू एक शब्द बोलला नव्हता, आणि सगुणाला त्याचीच धास्ती वाटत होती. हा माणूस गप्प बसला की मनात काहीतरी शिजत असतं, हे तिला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलं होतं. त्यांच्या लेकीचे, ऋतुजाचे पुढचे दात ओठाबाहेर आले होते. तार बसवावी लागेल, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. खर्च ऐकून सगुणाने जनूकडे पाहिलं. "हप्ते बांधून देते ना," बाई म्हणाल्या, तर जनू उठलाच.

हमरापुरात घरोघरी साच्यांतून गणपतीच्या मूर्ती काढत, जनूचाही कारखाना होता. घरी पोचल्यावर त्याचं तोंड उघडलं. "हप्त्यावर गणपती नेणारे व्यापारी बघतो ना दरवर्षी! दिवाळी आली तरी फोन उचलत नाय. त्यांच्या पंगतीत मी बसू?"

सगुणाला हप्त्यात काही वाईट दिसत नव्हतं. पण मूर्तींचे डोळे आखून मिळवलेले तिचे पैसेही जनूच्याच हाती जात, आणि बोलायची वेळ आली की तिची जीभ टाळ्याला चिकटे. तेव्हाही चिकटली.

मार्ग जनूला मोबाईलवर सापडला. कुठलीशी कंपनी दातांचा साचा कुरियरने मागवी आणि दात सरळ करणाऱ्या पारदर्शक पट्ट्या घरपोच पाठवी, निम्म्याहून कमी पैशांत. साचा घ्यायचं सामान मात्र वेगळं विकत घ्यायचं. जनूला हसू आलं. "साच्याला पैसे? आपण? हमरापुरात ऱ्हाऊन?"

"त्यांचं सामान वेगळं असंल," सगुणा म्हणाली.

"वेगळं कसलं? डॉक्टरणीच्या टेबलावर दातांचा नमुना बघितलास ना? पांढराफेक. आपलंच प्लास्टर हाय ते."

नमुना प्लास्टरचाच होता, हे खरं. पण आधी मऊ लगद्यात दातांचा ठसा घेऊन मग त्या ठशात प्लास्टर ओततात, तोंडात नव्हे. हे सांगायला घरात कुणी नव्हतं, आणि जनू अर्ध्या हळकुंडाने पिवळा झाला होता.

रविवारी कारखान्यात त्याने ऋतुजाला स्टुलावर बसवलं. पोरगी हौसेने केस बांधून आली होती. तोंडात मावेल अशी फायबरची वाटी त्याने स्वतः कापून केली होती. तो प्लास्टर कालवायला लागला तशी सगुणा पुढे आली. प्लास्टर घट्ट होताना तापतं. थंडीत कारखान्यातल्या बाया ताज्या मूर्तीला हात लावून शेकत.

"अवो, तापंल ते."

"लगेच काढतो. गप ऱ्हा गो."

ती ऋतुजाच्या बाजूला जाऊन उभी राहिली.

जनूने भरलेली वाटी वरच्या दातांवर दाबून धरली. ऋतुजा आधी डोळ्यांनी हसली. मग ते डोळे मोठे झाले. मग तिने आईचा हात पकडला, नखं रुतेपर्यंत.

"गरम लागतंय काय गो?"

पोरीने जोरजोरात होकाराची मान हलवली. घशातून कसलासा आवाज आला. जनूने वाटी ओढली, ती हलेना. वाकड्या दातांच्या मागे शिरून प्लास्टर घट्ट झालं होतं. अडलेला साचा काढायची जनूची एक रीत होती. हळूहळू सोडवत बसलं की मूर्तीचं बोट नाहीतर कान तुटतो, म्हणून पाय रोवायचा आणि एकच झटका द्यायचा. त्या झटक्याचं गावात नाव होतं.

"नको!" सगुणा आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यावर ओरडली. पण हात आधीच हलला होता. वाटी रिकामी निघाली. प्लास्टर तोंडातच राहिलं, आणि त्याच्या कडेने रक्त यायला लागलं.

रविवार असूनही डॉक्टरीणबाईंनी दवाखाना उघडला. दार बंद झालं. आतून हत्यारांचा आवाज येत होता, पोरीचा नाही, आणि त्यानेच सगुणाचा जीव जात होता. जनू बाकावर बसून बोटांवरचं वाळलेलं प्लास्टर खरवडत होता. तिला त्याची कीव आली नाही.

बाई बाहेर आल्या. प्लास्टर निघालं, म्हणाल्या. टाळूला पोळलंय, ते भरून येईल. पुढचं सांगायच्या आधी त्यांनी हातमोजे काढले.

सगुणा उठून पुढे झाली. "बाई, हप्ते बांधा. माज्या नावावर. आखणीचे पैसे मी स्वतः आणून देईन." जनूने वर पाहिलं नाही.

"बांधू," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण तारेचे नाही, ताई. पुढचे दोन दात मुळाशी मोडले होते. काढावे लागले."