तोटीताईचा तक्ता

शाळेत पाणी वाचवायचा उपक्रम आला, तेव्हा विज्ञानाची बाई म्हणून तो माझ्याच गळ्यात पडला. मी तो सातवीच्या गळ्यात टाकला. बाकीची मुलं चार दिवस उड्या मारून गप्प बसली; एक मुलगी मात्र हात धुऊन मागे लागली. तिने अख्खी गल्ली वेठीला धरली. गळके नळ दुरुस्त करायला लाव, भांडी घासताना तोटी बंद करायला लाव. गल्लीने तिचं नावच तोटीताई ठेवलं. तिची आई लोकांचे कपडे धुऊन देते. तीसुद्धा आधीचे कपडे खळबळलेलं पाणी पुढच्या कपड्यांना वापरू लागली.

वर्षअखेरीच्या समारंभाला मुख्याध्यापकांनी पाणीखात्याच्या साहेबांना बोलावलं. गल्लीचा वापर निम्म्यावर कसा आला, याचा भलामोठा तक्ता तोटीताईने केला होता. साहेबांनी तो मन लावून वाचला, तिची पाठ थोपटली, तक्त्याचा फोटोही काढून नेला. मी तर हवेतच होते.

पुढच्या महिन्यात गल्लीचं संध्याकाळचं पाणी बंद झालं. इथली गरज कमी आहे, असं खात्याने कळवलं. ते पाणी टेकडीवरच्या नव्या इमारतींकडे वळवलं. तिथे पोहण्याचा तलाव आहे.

मी तणतणत खात्यात गेले. साहेबांनी चहा मागवला आणि तक्त्याचं पुन्हा कौतुक केलं. जिथे निम्म्यात भागतं तिथे पूर्ण कशाला द्यायचं, असं त्यांचं साधं म्हणणं होतं.  चहा पिऊन मी परत आले.

आता गल्लीतल्या बायका तोटीताईशी बोलत नाहीत. सकाळच्या पाण्यात सगळे कपडे होत नाहीत, म्हणून आईची गिऱ्हाइकं तुटायला लागली आहेत.

काल मधल्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी आली. अर्ज करू, वरच्या साहेबांना भेटू, असं मी म्हणाले. म्हणताना माझी मलाच लाज वाटत होती. तिने शहाण्यासारखं ऐकून घेतलं.

"बाई, सकाळी सगळ्यांना नळ सोडून ठेवायला सांगू का?" तिने विचारलं. "वापर वाढलेला दिसला की संध्याकाळचं परत देतील ना?"

मला नाही म्हणायचं होतं. पण कारण काय सांगू, तेच सुचेना.

जाताना व्हरांड्यातल्या ठिबकत्या नळाकडे सवयीने तिचा हात गेला आणि मध्येच थांबला. ती तशीच वर्गात निघून गेली. मीही नळ बंद करायला उठले नाही.