हेदरमाउथची प्रेतवाट

पोपटशेठनं कळंबच्या पुढं नदीकाठी इंग्लंडमधलं खेडं उभं केलं, तेव्हा गावानं कपाळावर हात मारून घेतला. खेडं कसलं, रिसॉर्टच ते. दगडी दिसणारी फायबरची घरं, टोकदार छपराचं चर्च आणि वर खाडी. आता कर्जत तालुक्यात खाडी कुठून आणायची? पण शेठनं पाहिलेल्या चित्रात ती होती, म्हणजे हवीच. भाताच्या चार खाचरांत प्लास्टिक अंथरून पाणी सोडलं, कडेला मोडकी होडी टाकली आणि पाटी ठोकली, ‘हेदरमाउथ’.

खाचरं त्याचीच होती, त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. पण बांधावरून बुद्धवाडीची नदीवरल्या स्मशानाकडं जाणारी वाट होती, ती त्यानं तार ओढून बंद केली. वाडीतल्या दीक्षाचे वडील पांडू गेले तेव्हा माणसं तिरडी घेऊन फाटकाशी आली, तर आत लग्न चाललेलं. शेठ बाहेर येऊन म्हणाला, "पाव्हन्यांसमोर मढं नको रं. सडकेनं न्या." सडकेनं म्हणजे अडीच किलोमीटर, भर वैशाखात. खांदेकऱ्यांचे पाय पोळले. दीक्षाच्या आईनं, ठकूबाईनं, त्या दिवसापासून फाटकाकडं तोंड केलं नाही.

वाडीनं तहसीलदाराकडं अर्ज केला. शेठनं उलट लिहून दिलं, इथं वाट कधी नव्हतीच. वाडीकडं कागद कुठला? वाट पायांनी पडलेली. अर्ज तीन वर्षं पडून राहिला.

मधेच शेठला शक्कल सुचली. बुद्धवाडीतलीच पोर कामाला ठेवली की वाडी थंड पडेल. दीक्षा इतिहास घेऊन बी.ए. झालेली, इंग्रजी फाडफाड. पाहुण्यांना खेडं फिरवून दाखवायचं काम तिला दिलं. वाडीतल्या बायका तिच्याशी बोलेनाशा झाल्या. तिनंही खुलासा केला नाही. बापाची तिरडी माघारी फिरवणाऱ्याला ती सुखासुखी सोडणार होती होय?

"शेठ, पाव्हने गावाचा इतिहास इचारतात," ती एकदा म्हणाली.

"मंग लिही की."

इंग्लंडच्या जुन्या खेड्यांत चर्चपर्यंत प्रेतं न्यायच्या खास वाटा असायच्या, लोक त्या मुद्दाम बघायला जातात, हे तिनं त्याला मोबाइलवर दाखवलं. शेठ हरखला.

"आपल्यात काढू एक. कुठनं काढायची?"

"बांधावरनं, जांभळीखालनं, नदीपतूर. पन नवी वाटंल शेठ. लोक खोटी म्हनतील."

"खोटी कशी गं? माझ्या आज्याच्या आदीपासनं हाय ती."

 दीक्षानं आवाज साधाच ठेवला. "तसंच लिहू?"

"ओरिजनल हाय म्हून लिही. ठळक."

माहितीपत्रक छापलं. आत नकाशा, नकाशावर वाट, खाली मजकूर: ही प्रेतवाट शंभर वर्षांहून जुनी असून मूळ जागी जपली आहे. छापण्याआधी तिनं मराठीत वाचून दाखवलं. शेठनं स्वतःच्या फोटोखाली झोकात सही ठोकली. आठवड्याभरात ती प्रत तहसीलदाराच्या टेबलावर होती.

"जाहिरात हाय ती साहेब," सुनावणीत शेठ म्हणाला.

"म्हणजे पाहुण्यांना फसवता?"

हो म्हटलं तर फसवणूक, नाही म्हटलं तर वाट जुनी. तहसीलदारानं जागेवर येऊन वाट पाहिली, चार म्हाताऱ्यांचे जबाब घेतले आणि ती खुली करायचा हुकूम दिला. शेठ घामाघूम झाला, आणि दीक्षाला ते बघून इतकं बरं वाटलं की तिनं तोंड फिरवलंसुद्धा नाही.

तार निघाली त्या रविवारी हिरवळीवर हळद चालली होती. शेठनं हात जोडले. "दीक्षा, कुनी गेलं तर आदी फोन कर. सीझन हाय गं."

तोच पांढरं लुगडं नेसून ठकूबाई फाटकातून आत आली. शेठचा चेहरा उतरला. "कोन गेलं?"

"कोन नाय. मी नदीवर चाललेय."

"आज?"

"रोज येनार. ह्याच वाटंनं, सावकाश."

डीजे थांबला. हळदीची माणसं बाजूला सरली. ठकूबाई शेठसमोर उभी राहिली आणि त्याला नीट ऐकू जाईल असं बोलली, "मरंस्तवर चालत. मंग एकदा खांद्यावरनं."