डोळे बांधण्याआधी

कापडाची पट्टी हातात पडताच मूर्तिकार बाईंनी ती बोटांनी चाचपली.

"हे कशाला?"

"दहा मिनिटं सगळे डोळे बांधून चालतील," संग्रहालयाच्या संचालिका म्हणाल्या. "म्हणजे तुमचं जग त्यांना कळेल."

शेजारी बसलेल्या थोरल्या बहिणीने बाईंचं कोपर दाबलं. 'आजचा दिवस जीभ आवर,' असं ताईने वाटेत तीनदा बजावलं होतं. बाईंना पुढचं वर्षभर इथे शिकवायचं काम मिळणार की नाही, ते आज ठरणार होतं. अंध पाहुण्यांना चित्रं कशी दाखवायची, ते शिकायला समोर तीस जण आले होते. कुणी चित्रकला शिक्षक, कुणी संग्रहालयात माहिती सांगणारे.

बाईंनी पट्टीची घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"दहा मिनिटांत फक्त ठेचकाळणं कळेल. माझी नजर जाऊन पंधरा वर्षं झाली. मी ठेचकाळत जगत नाही."

"पण कार्यक्रमात तसं छापलंय."

"मग माझं नाव खोडा."

ताईने सुस्कारा सोडला. खुर्च्या करकरल्या. बाई उठल्या, काठीने अंदाज घेत मागच्या भिंतीपाशी गेल्या.

"इथे मोठं चित्र आहे, असं ताई म्हणाली. मला दाखवा."

कुणीतरी घसा खाकरला. "फार सुंदर आहे."

"सुंदर तर मीही म्हणेन, न बघता."

कुणीतरी हसलं.

"एक बाई बसलीय," एक शिक्षक चाचरत म्हणाले. "खिडकीपाशी."

"कशी बसलीय? दमून, की वाट बघत?"

"पाठ ताठ आहे. उजवा खांदा जरा खाली."

"का खाली?"

आता पावलं जवळ येऊ लागली. कुणी खिडकीतला उजेड सांगितला, कुणी फरशीवरची सावली. दोघांचं साडीच्या रंगावरून वाजलं. बाई विचारत राहिल्या, सोडेनात.

"मांडीवर काय आहे?"

"कापड. घडी केलेलं," संचालिका मागूनच म्हणाल्या. "अकरा वर्षं रोज बघतेय मी हे चित्र."

"जवळून सांगा."

चपलांचा आवाज पुढे आला आणि थांबला. 

"मूल आहे," संचालिकांचा आवाज बारीक झाला होता. "कापडात गुंडाळलेलं."

"जागं आहे का?"

"थांबा. बघते."

बाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांना घाई नव्हती.