घसा दुखला तर

सलूनवाल्याचा हात थरथरला तेव्हा वस्तरा नेमका निवृत्त मास्तरांच्या कंठमण्याशेजारी होता. रक्ताचा एक बारीक थेंब आला. त्याने तुरटी लावली, थेंब थांबला. मास्तर डोळे मिटून पडले होते, त्यांना काही कळलंही नाही. सलूनवाल्याची मात्र पाचावर धारण बसली. सत्तावीस वर्षांत त्याने हजारो गळ्यांवरून वस्तरा फिरवला होता, पण गळा किती नाजूक असतो हे त्याला त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

त्यानंतर तो दाढी टाळू लागला. "वस्तऱ्याला धार लावायला टाकलीय," म्हणायचा, आणि फक्त केस कापायचा.

हाताचं दुखणं एकटं नव्हतं. खुर्चीत नुसतं बसलं तरी कोणी मागे लागल्यासारखी छाती धडधडायची. बाकीचे स्वेटर घालून बसलेले असायचे आणि हा पंख्याखाली घामाने निथळायचा. दोन माणसांचं जेवायचा, तरी तीन महिन्यांत अकरा किलो उतरला. पट्ट्याला दाभणाने नवी भोकं पाडून झाली. आणि या सगळ्याच्या वर ती भीती. फोन वाजला की काळजात धस्स व्हायचं. बाहेर कोणी शटर ओढलं तरी दचकायचा.

"अहो, पण भीती वाटते तरी कशाची?" बायकोने विचारलं.

"ते कळलं असतं तर भ्यायलो असतो का?"

बायको पाणीपुरवठ्याच्या कचेरीत होती. कुठला नळ कधी गळला, कुणी कधी कळवलं, कधी दुरुस्त झाला, याची वही लिहायचं तिचं काम. तिने एक कोरी वही घरी आणली आणि नवऱ्याच्या तक्रारी लिहायला घेतल्या. तारीख, वेळ, नाडीचे ठोके, वजन. एका पानावर तिने लिहिलं होतं : "सकाळी नऊ. नुसतेच बसले होते. ठोके १२८. डोळे मोठे दिसतात."

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी वही बघितलीच नाही. छातीला नळी लावली आणि म्हणाले, "मनावर घेता फार. धंद्यात मंदी आहे का?" मंदी नव्हती, पण सलूनवाल्याने मान डोलावली, कारण काहीतरी कारण मिळाल्याचं त्याला बरं वाटलं. डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या घेऊन तो दिवसभर पेंगायचा आणि पेंगता पेंगता घाबरायचा.

मग मेहुणा मध्ये पडला. "भाऊजी, खरं सांगा, सकाळी सकाळी लावता का थोडी? मी ताईला सांगणार नाही." सलूनवाला आयुष्यात कधी प्यायला नव्हता. "अहो, गंमत केली," मेहुणा वरमून म्हणाला, आणि दुसऱ्याच दिवशी त्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. तिथे तारा चिकटवल्या, कागदाची पट्टी निघाली. हृदय धावतंय, पण ठणठणीत आहे, असं ठरलं. चोर सोडून संन्याशाला पकडायचा हा खेळ दोन महिने चालला.

थायरॉइडचं नाव शेवटी एका मोठ्या, काचेच्या दवाखान्यात निघालं. रक्ताच्या कागदावर एक आकडा जवळजवळ शून्य होता आणि दुसरा नको तितका वर. तिथल्या डॉक्टरांनी संगणकावरून नजर न काढता सांगितलं, "ग्रंथी जास्त काम करतेय. या गोळ्या घ्या. तीन महिन्यांनी या." बायकोने वही पुढे सरकवली. "रिपोर्ट आहे ना," ते म्हणाले, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. सगळं मिळून चार मिनिटं.

तरी दोघं आनंदाने घरी आली. रोगाला नाव मिळालं होतं. चार आठवड्यांत ठोके नव्वदवर आले, हात बराचसा थांबला. बायकोने वही कपाटात ठेवून दिली.

सहाव्या आठवड्यात तो सकाळी उठला तो घसा धरूनच. थुंकी गिळतानासुद्धा काचा उतरल्यासारखं होत होतं. दुपारपर्यंत ताप एकशे तीनवर गेला. कोपऱ्यावरचे डॉक्टर म्हणाले, "साधा व्हायरल आहे. सगळ्या गावाला झालाय. गुळण्या करा." बायको चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात गेली.

दुकानात एक पोक्त बाई होत्या. "आणखी कसल्या गोळ्या चालू आहेत?" त्यांनी सवयीने विचारलं. बायकोने पर्समधून पट्टी काढून दाखवली.

बाईंचा खोक्याकडे गेलेला हात तिथेच थांबला. "ही कधीपासून?"

"सहा आठवडे झाले."

"ही देताना तुम्हाला काही सांगितलं नव्हतं? ताप आला, घसा दुखला तर गोळी बंद करून लगेच रक्त तपासायचं, असं?"

"नाही."

"मग हे तापाचं औषध मी देत नाही. ती गोळी आत्ताच बंद करा. आणि त्यांना आजच न्या. उद्या नाही, आज."

बायकोच्या तोंडचं पाणी पळालं. तिने दुकानातूनच काचेच्या दवाखान्यात फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "पुढची मोकळी तारीख तीन आठवड्यांनंतरची आहे." बाईंनी तिच्या हातातून फोन घेतला, बंद केला, आणि एका कागदावर सरकारी इस्पितळाचा पत्ता लिहिला. "तिसऱ्या मजल्यावर ग्रंथींच्या डॉक्टर बसतात. लिफ्ट बंद असते. पण त्या माणसाला बघतात, कागदाला नाही."

घरी येऊन तिने कपाटातली वही पर्समध्ये टाकली आणि त्याला उठवलं. रिक्षात तो तिच्या खांद्यावर डोकं टाकून होता. अंग तव्यासारखं तापलेलं. जिन्याची प्रत्येक पायरी तो जीव मुठीत धरून चढला.

डॉक्टर ठेंगण्या होत्या, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला. बाहेर रांग ताटकळत होती, तरी त्यांनी वही पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. मग त्याच्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि दोन्ही हातांची बोटं त्याच्या गळ्यावर ठेवली. "पाणी गिळा." सलूनवाला शहारला. जन्मभर तो लोकांच्या मागे उभा राहिला होता. त्याच्या मागे उभं राहून कोणी त्याच्या गळ्याला कधी हात लावला नव्हता.

"ग्रंथीचं नंतर बघू," डॉक्टर म्हणाल्या. "या गोळीने फार थोड्या लोकांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी मरतात. तुमच्या मेल्यात का, ते तासाभरात कळेल. इथून हलू नका."

तो तास त्यांनी व्हरांड्यातल्या लोखंडी बाकावर काढला. बायको भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. तो तिच्याकडे बघत होता, कारण तिचा चेहरा पडला तर आपण संपलो, असं त्याने मनाशी ठरवून टाकलं होतं.

जंतूंशी लढणाऱ्या पेशी दोन हजारांच्या वर हव्या होत्या. निघाल्या नव्वद.

त्याला एका वेगळ्या खोलीत ठेवलं. येणारा प्रत्येक माणूस हात धुऊन, तोंड झाकून यायचा. सलाइनमधून औषधं, दंडात रोज एक इंजेक्शन. थायरॉइडची गोळी बंद झाल्यावर छाती पुन्हा पूर्वीसारखी धडधडू लागली, तिला आवर घालायला वेगळी गोळी सुरू झाली. दुसऱ्या दिवशी आकडा आला साठ. त्या दिवशी त्याने मुलीला फोन करून दुकानाच्या किल्ल्या कुठे आहेत, विम्याचे कागद कुठल्या पिशवीत आहेत, सगळं सांगितलं. मुलगी म्हणाली, "बाबा, हे मला का सांगताय?" तो म्हणाला, "सहज."

तिसऱ्या दिवशी सत्तर. चौथ्या दिवशीही सत्तर.

त्या संध्याकाळी डॉक्टर खाटेपाशी स्टूल ओढून बसल्या. त्याने विचारलं, "मी मरणार का?"

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "बहुतेक नाही. वेळेत आलात. आणखी दोन दिवस घरी गुळण्या करत बसला असता, तर मी वेगळं उत्तर दिलं असतं."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कोणी "घाबरू नका" न म्हणता त्याला उत्तर दिलं होतं. त्याने धीर करून ती भीतीची गोष्ट सांगितली, शटरची, फोनची, कारण नसताना भरणाऱ्या कापऱ्याची.

"ती तुमची नव्हती. ग्रंथीची होती. ती जास्त चालली की माणूस असाच भितो."

"आणि आत्ताची?"

"आत्ताची तुमची. ती खरी आहे. माझ्याही पोटात गोळा आलाय."

तो हसला. हसताना घसा दुखला, तरी हसला.

पाचव्या दिवशी आकडा आला दोनशे दहा. सहाव्या दिवशी नऊशे. डॉक्टरांनी कागद आतून खिडकीच्या काचेला चिकटवून दाखवला. बायकोने तो बाहेरून वाचला, मान हलवली, आणि व्हरांड्याच्या टोकाला जाऊन भिंतीकडे तोंड करून रडली. सहा दिवसांत ती एकदाही रडली नव्हती.

ती गोळी त्याला पुन्हा कधीच चालणार नव्हती. दोन महिन्यांनी, ताकद भरून आल्यावर, डॉक्टरांनी त्याला किरणोत्सर्गी आयोडीनचा एक डोस दिला. एवढासा घोट, पण तो घेताना त्याने तीनदा विचारलं की यात काय काय होऊ शकतं, आणि डॉक्टरांनी तिन्ही वेळा सगळं सांगितलं. ग्रंथी हळूहळू शांत झाली, मग जरा जास्तच शांत झाली. आता तो रोज सकाळी उपाशीपोटी एक छोटी गोळी घेतो. ती जन्मभर घ्यायची आहे. वजन परत आलंय. मेहुणा म्हणतो, जरा जास्तच आलंय.

दर तीन महिन्यांनी तो बायकोबरोबर त्या तिसऱ्या मजल्यावर जातो. लिफ्ट अजून बंदच असते. रक्त देऊन झालं की दोघं बाकावर बसतात, आणि आतून नाव पुकारेपर्यंत बायको त्याचं मनगट हातात धरून ठोके मोजते. त्या बाकावर ते नेहमी शंभराच्या वर असतात. ती ते वहीत लिहीत नाही.